रानगुलाबाचे माहेर

गुलाबावाचून आपले एकही मंगलकार्य पुरे होत नाही. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडावयाचे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या भगिनीच्या मनगटाला अत्तर लावून हाती एक टपोरे फूल द्यावयाचे, देवघरात रोज दोन फुले वाहावयाची, उन्हाळा लागला की घरात गुलकंदाची बरणी उन्हात ठेवावयाची, हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर काय, कल्याणच्या फूलबाजारात काय, किंवा डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या टोपल्यांत काय, वर्षाचे बाराही महिने गुलाब दिसतो. इतका तो आपला झाला आहे. परंतु घरात वावरणाऱ्या सुनेला तिच्या माहेरची चौकशी कोणी करू नये, तसे आपण गुलाबाच्या बाबतीत केले आहे. हा गुलाब मूळचा कोठला? माणसाने त्याला बागेत आणण्यापूर्वी तो कोणत्या रानात उगवत होता? आणि आजही उगवतो का? मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ही चौकशी करावी, असे मनात आले.

आरंभ नावापासून करू. ‘गुलाब’ हा शब्द फारसी आहे, आणि मुळात ते फुलाचे नाव नव्हेच. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, आपण ज्याला गुलाबपाणी म्हणतो ते. पाण्याचे नाव पुढे फुलालाच चिकटले आणि मग ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण पाणी हा शब्द दोनदा म्हणू लागलो. हाच ‘गुल’ आपल्या परसातल्या गुलबक्षीत, गुलछडीत आणि रस्त्यावरच्या गुलमोहरातही आहे. गंमत अशी की, गुलबक्षी व गुलछडी आल्या अमेरिका खंडातून आणि गुलमोहर आला मादागास्करहून; नावे मात्र तिघांनाही फारसी मिळाली.

मग फारसी शब्द येण्यापूर्वी या देशात गुलाब नव्हता काय? होता. आयुर्वेदाच्या निघंटूंत ‘शतपत्री’, ‘तरुणी’, ‘सेवती’ ही नावे येतात, ती गुलाबाचीच मानतात. आपली शेवंती निराळी आणि ही सेवती निराळी. नावे जवळची असल्यामुळे घोटाळा होतो इतकेच. ‘कुब्जक’ असेही एक नाव आहे. हिमालयाच्या पायथ्याशी पांढऱ्या फुलांचा जो रानगुलाब उगवतो, त्याला तेथील पहाडी लोक आजही ‘कुंजा’ किंवा ‘कूजा’ म्हणतात. कुब्जकाची आठवण अशी लोकांच्या बोलीत राहिली आहे.

आता रानगुलाब म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कारण बाजारातला गुलाब डोळ्यांसमोर ठेवून रानात गेलो तर तो ओळखू येणार नाही. रानगुलाबाला पाकळ्या पाचच. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. फूल एकदा उमलले की दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतात आणि देठाशी बोराएवढे किंवा त्याहून लहान फळ धरते. बागेतल्या गुलाबाला जी तीस-चाळीस पाकळ्यांची गर्दी असते, ती मुख्यतः केसरांचेच रूपांतर होऊन झालेली असते. माणसाने अशी झाडे शेकडो वर्षे निवडून निवडून जोपासली. रानगुलाबाच्या पृथ्वीवर सुमारे दीडशे जाती मानतात. नेमका आकडा सांगणे अवघड, कारण एक जात कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते याविषयी शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. या सर्व जाती विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्याच आहेत. ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत किंवा आफ्रिकेच्या दक्षिण भागात मूळचा रानगुलाब नाही. जो दिसतो तो माणसाने नेलेला. या फुलाचे घराणेही फार जुने आहे. अमेरिकेतील कोलोराडो प्रांतात खडकात उमटलेले गुलाबाचे ठसे सापडले आहेत, ते सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

आपल्या देशापुरते पाहिले तर गुलाबाचे पहिले माहेर हिमालय होय. वर सांगितलेला कुंजा हा काश्मीरपासून कुमाऊँ-नेपाळपर्यंतच्या मधल्या उंचीच्या डोंगरांत झाडांवर चढत जातो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस पांढऱ्या फुलांच्या घोसांनी भरून जातो. त्याला कस्तुरीसारखा वास असतो. त्याहून उंचावर गुलाबी फुलांच्या जाती आहेत. आणखी एक जात अशी आहे की तिच्या फुलाला बहुधा चारच पाकळ्या असतात. पाच पाकळ्यांच्या या मोठ्या घराण्यात ती एकटीच वेगळी निघाली. लडाखच्या कोरड्या, उघड्या डोंगरांत नुब्रा आणि श्योक नद्यांच्या काठी गुलाबी रानगुलाबाची काटेरी झुडपे उगवतात. त्यांना तिकडच्या भाषेत ‘सिया’ म्हणतात. आणि आता भगिनींनी हे नाव जरा लक्षपूर्वक ऐकावे. ज्या सियाचेन हिमनदीवर १९८४ सालच्या एप्रिलपासून आपले जवान पहारा देत आहेत, तिचे नाव याच फुलावरून पडले आहे, असे सांगतात. ‘सिया’ म्हणजे रानगुलाब, आणि ‘चेन’ म्हणजे जेथे तो विपुल आहे अशी जागा. हिमनदीच्या बर्फात अर्थातच काही उगवत नाही. पण तिच्या तोंडाशी, जेथे बर्फ वितळून नदी होते, त्या खोऱ्यात हा गुलाब आहे. बातम्यांत आपण ज्या नावाला थंडी आणि मृत्यू यांच्याशी जोडले आहे, त्या नावाचा अर्थ गुलाबांचे ठिकाण असा निघावा, यावर अधिक काय लिहावे?

दुसरे माहेर पूर्वेला, मणिपुरात. १८८२ साली जॉर्ज वॅट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ सरहद्द आखणाऱ्या तुकडीबरोबर तेथे गेले होते. उखरुलकडच्या सिरोही डोंगरावर त्यांना एक प्रचंड रानगुलाब दिसला. वेल उंच झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेलेली, आणि फुले तळहाताएवढी, दुधी पांढऱ्या रंगाची. हेच वॅट पुढे हिंदुस्थानातील उपयुक्त वस्तूंच्या मोठ्या कोशामुळे प्रसिद्ध झाले. १८८८ साली जनरल हेन्री कॉलेट यांना ब्रह्मदेशाच्या शान डोंगरांत हीच जात मिळाली आणि तिचे ‘रोझा जायगँटिया’, म्हणजे राक्षसी गुलाब, असे नामकरण झाले. पुढे १९४८ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड हे प्रवासी आपल्या पत्नी जीन यांच्यासह याच सिरोही डोंगरावर राहिले. त्या डोंगरावर मिळालेल्या लिलीला त्यांनी पत्नीचे माहेरचे आडनाव मॅकलिन यावरून नाव दिले. आज ती शिरुई लिली मणिपूर राज्याचे फूल आहे. एखाद्या फुलाला स्त्रीच्या माहेरचे नाव मिळावे, ही गोष्ट आपल्या स्मरणिकेत नोंदवावीशी वाटते.

तिसरे माहेर दक्षिणेत. निलगिरी आणि पळणी डोंगरांच्या माथ्यावरील थंड वनांत पांढऱ्या फुलांचा एक वेलगुलाब उगवतो. १८१६ साली दक्षिण हिंदुस्थानात आलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेशनॉ यांच्या नावाने तो ओळखला जातो. हिमालयापासून इतका दूर, मध्ये सारे दख्खनचे पठार टाकून, तो तेथे कसा राहिला? पृथ्वी कधीकाळी आजच्याहून थंड होती, तेव्हा थंडीची झाडे दक्षिणेपर्यंत पसरली. पुढे उष्मा वाढला तशी ती सपाटीवरून नाहीशी झाली आणि उंच डोंगरांच्या माथ्यांवर तेवढी शिल्लक राहिली, असे शास्त्रज्ञ याचे कारण देतात.

आणि चौथे माहेर सर्वांत नवलाचे. आतापर्यंतचे सारे गुलाब थंडीचे झाले. परंतु एक जात अशी आहे की जी उष्ण सपाटीत, तीही पाण्याच्या काठी राहते. तिचे शास्त्रीय नाव ‘रोझा क्लिनोफिला’. बंगाल-बिहारच्या नद्यांच्या काठी, सिल्हेटकडच्या पाणथळ प्रदेशात, आणि पश्चिमेला अबूच्या पहाडावर ती आढळते. पावसाळ्यात काठ बुडाला की झुडपाची मुळे कित्येक आठवडे पाण्याखाली राहतात, तरी ते कुजत नाही. बहुतेक गुलाब एवढ्या पाण्यात दम धरणार नाहीत. कुंडीत चार दिवस पाणी साचले तरी आपला गुलाब पिवळा पडतो, हा अनुभव प्रत्येकीला आहेच.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे येऊ. माळशेजपासून येऊरपर्यंतच्या आपल्या रानांत रानगुलाब आहे का? नाही. डालझेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात त्याहून मोठे काम पुरे केले. तेव्हापासून आजपर्यंत अभ्यासकांनी आमचे डोंगर धुंडाळले आहेत. कोकणच्या रानाचे वैभव म्हणून त्यांनी साग, ऐन, किंजळ, पळस, कुडा, करवंद यांची वर्णने केली, गुलाबाची नव्हे. गुलाबाच्या कुळातली काही मंडळी मात्र सह्याद्रीत आहेत. महाबळेश्वराच्या डोंगरात काटेरी झुडपांवर जी रानटी रासबेरी मिळते, ती गुलाबाची चुलत बहीण. आणि बाहेरून येऊन तेथे रुळलेली स्ट्रॉबेरी हीसुद्धा त्याच कुळातली. सफरचंद, बदाम, नासपती ही सारी या एकाच मोठ्या कुटुंबातील. परंतु खुद्द गुलाब आपल्या कोकणात पाहुणाच. चार महिन्यांत शंभर इंच पाऊस, आणि उरलेले आठ महिने दमट उष्मा. थंडीच्या विश्रांतीची सवय असलेल्या झाडाला हे सासर कठीणच. म्हणून पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि ऑक्टोबरात छाटणी केल्यावर थंडीच्या दोन-तीन महिन्यांत काय तो त्याचा जीव सुखावतो.

मग हा पाहुणा आपल्या दारी आला कसा? त्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग वायव्येकडून, इराण व मध्य आशियातून. गुलाबपाण्याचा गुलाब, ज्याला दमास्कस शहरावरून नाव मिळाले, तो या वाटेने आला. हा गुलाब रानातला नव्हे. तो मिश्र कुळाचा आहे. २००० साली जपानी संशोधकांनी त्याची जनुके तपासून दाखवून दिले की तीन रानगुलाबांच्या संकरातून तो झाला, आणि त्यांतला एक मध्य आशियातील डोंगरांचा आहे. मोगलांच्या काळात या गुलाबाला मोठी प्रतिष्ठा मिळाली. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, गुलाबपाणी काढताना भांड्यातील गरम पाण्यावर जो तेलकट तवंग येतो, तो थोडा थोडा जमवून त्याचे अत्तर करण्याची युक्ती नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने, शोधून काढली. त्याचा एक थेंब तळहाताला लावला तर सारी सभा दरवळून जाई. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिले आणि बादशहाने अस्मत बेगमला मोत्यांची माळ बक्षीस दिली. अत्तरे बादशहाच्या नावाने खपली, आणि शोध लावणारी मागे राहिली, हेही त्या कथेतच आले. पुढल्या हळदीकुंकवाला अत्तरदाणी उघडताना अस्मत बेगमचे एकदा स्मरण करावे.

दुसरा मार्ग पूर्वेकडून, चीनमधून, आणि तो कलकत्त्यावरून गेला. युरोपातले जुने गुलाब बहुतेक सारे वर्षातून एकदाच फुलणारे. चीनच्या बागांत मात्र माळ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी असे गुलाब जोपासले होते, की जे महिनोन् महिने फुलत राहत. या चिनी गुलाबाचा रानातला पूर्वज एकदाच फुलणारा आहे; तो १८८० नंतर आयरिश डॉक्टर ऑगस्टीन हेन्री यांना चीनमध्ये दिसला आणि नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८३ साली, जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मिकिनोरी ओगिसू यांनी तो पुन्हा शोधून काढला. बागेतले चिनी गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून निघाले. वाटेत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ते उतरत, तेथे रुजत, आणि मग पुढे विलायतेस जात. म्हणून फ्रेंच लोक चिनी गुलाबाला ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. युरोपातील गुलाबाशी याचा संकर झाला आणि त्यातून सदाबहार गुलाबांची नवी पिढी जन्मली. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो या माळ्याने प्रसिद्ध केलेला ‘ला फ्रान्स’ हा त्या पिढीतला पहिला मानतात. त्या जातीला ‘हायब्रिड टी’ म्हणतात. चिनी गुलाबांपैकी ज्यांना कोरड्या चहापत्तीसारखा वास येई, त्यांच्या अंगात मणिपूर-ब्रह्मदेश-युन्नानच्या त्या राक्षसी रानगुलाबाचे रक्त होते. तात्पर्य असे की, वाढदिवसाला जे लांब देठाचे, टोकदार कळीचे गुलाब आपण विकत घेतो, त्यांची ती लांबट कळी सिरोहीच्या डोंगरावरील त्या रानजातीच्या घराण्यातून आली आहे. विलायती म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याचे आजोळ आपल्याच सरहद्दीवर आहे.

आपल्या ओळखीच्या ‘एडवर्ड’ गुलाबाचीही कथा अशीच. नाव ऐकून पुष्कळांना सातवा एडवर्ड राजा आठवतो. परंतु या नावाचा राजाशी संबंध नाही. हिंदी महासागरात बूर्बों नावाचे फ्रेंच बेट होते, ज्याला आज रेयुनियाँ म्हणतात. तेथील मळेवाले शेताला गुलाबाचे कुंपण घालीत. एका कुंपणात दमास्कसचा आणि चिनी, असे दोन्ही गुलाब. त्या दोघांपासून आपोआप झालेले एक रोप कोणाच्या तरी ध्यानात आले. त्याला ‘एदुआर’ हे फ्रेंच नाव मिळाले. १८१७ नंतर त्याची माहिती युरोपास झाली. आपल्याकडे येऊन या एदुआरचा एडवर्ड झाला आणि त्याने येथे असा जम बसवला की हारासाठी, देवासाठी, गुलकंदासाठी तोच. आणि चांगल्या जातींचे कलम बांधायला खुंट म्हणूनही कित्येक ठिकाणी तोच. पश्चिमेचा गुलाब आणि पूर्वेचा गुलाब यांचे हे लेकरू उष्ण बेटावर जन्मले, म्हणूनच बहुधा आपल्या उष्म्यात टिकले. त्यानंतर १९५५ साली अमेरिकेत तयार झालेला ‘ग्लॅडिएटर’ आला, आणि त्याने नाशिक-पुण्याकडील शेते व्यापली. अलीकडे मावळात तळेगावजवळ हरितगृहांतून गुलाब परदेशी जातो, हे सर्वांना ठाऊक आहेच.

रानगुलाबाचे फूल नाजूक, पण त्याचे फळही कमी महत्त्वाचे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला संत्री मिळेनाशी झाली. लहान मुलांना ‘क’ जीवनसत्त्व कोठून द्यावे हा प्रश्न पडला. तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितले की, कुंपणावरच्या रानगुलाबाच्या फळांत ते भरपूर आहे. १९४१ पासून तेथील ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ या महिला मंडळांनी आणि शाळेतील मुलांनी रानोमाळ फिरून ही लाल फळे शेकडो टनांनी गोळा केली आणि त्यांचे सरबत बाळांना पुरवले गेले. ज्याला कोणी बागेत जागा देत नव्हते त्या झुडपाने युद्धाच्या दिवसांत मुले सांभाळली, आणि ते घडवून आणले आपल्यासारख्याच मंडळांनी.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही गुलाबावर मोठे काम झाले. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. परंतु त्यांचा छंद गुलाबाचा. त्यांनी अनेक नव्या जाती तयार केल्या आणि १९६६ साली भारतातील गुलाबांवर ग्रंथ लिहिला. १९६८ साली त्यांनी एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभा यांचे नाव दिले. त्यांच्यानंतर कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी सनदी नोकरी सोडून गुलाबाचा ध्यास घेतला. त्यांचे म्हणणे असे की, थंड देशातील गुलाब आणून आपल्या उन्हात त्याचे हाल करण्यापेक्षा, आपल्याच रानगुलाबांपासून उष्ण हवेला सोसणारे गुलाब तयार करावेत. त्यासाठी ते व त्यांच्या पत्नी गिरिजा सिरोही डोंगरापर्यंत जाऊन तो राक्षसी गुलाब घेऊन आले; पाण्यात तग धरणाऱ्या क्लिनोफिलाशीही त्यांनी संकर केले. त्यांच्या एका पिवळ्या गुलाबाला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांचे नाव आहे. १८९७ साली केरळातील तेल्लिचेरी येथे जन्मलेल्या जानकी अम्माळ यांनी, मुलींना शाळेत पाठवणेही दुर्मिळ होते त्या काळात, परदेशी जाऊन डॉक्टरेट मिळवली, आणि १९४५ साली डार्लिंग्टन यांच्यासह वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जगन्मान्य ग्रंथ सिद्ध केला.

ही सारी दूरदूरची हकीकत झाली. परंतु रानगुलाब आपल्या डोंबिवलीत, ठाण्यात, अगदी आपल्या गॅलरीत आहे, असे म्हटले तर? खरोखर आहे. रोपवाटिकेतून आपण जे गुलाबाचे कलम आणतो, त्याचा वरचा भाग तेवढा नावाजलेल्या जातीचा असतो. खाली मुळे दुसऱ्याचीच. माळी रानटी किंवा रानटीला जवळच्या अशा काटक गुलाबाच्या खुंटावर डोळा भरतो. जपान-चीनकडचा घोसाने फुलणारा ‘मल्टिफ्लोरा’ हा रानगुलाब यासाठी जगभर वापरतात. पाणी शोधायचे, रोगाशी झुंजायचे, उन्हाळा काढायचा, हे काम खुंटाचे. फुलून कौतुक करून घ्यावयाचे, ते डोळ्याचे. कधी कधी वरचे कलम मरते आणि खालून जोमदार, हिरवीगार, बारीक पानांची फूट येते. मग शेजारीण म्हणते, “काकू, तुमचा गुलाब बिघडला, फुलतच नाही!” तो बिघडलेला नसतो, पाहुणा गेला आणि घरधनी तेवढा उरला. कलम जगवावयाचे असेल तर डोळ्याच्या गाठीखालून आलेला फुटवा वेळीच मुळाशी काढून टाकावा, हे खरे. पण वरचे कलम मेलेलेच असेल, तर ती फूट उपटून फेकण्यापूर्वी एखादे वर्ष तिला वाढू द्यावे. आपल्या उष्म्यात ती मनाजोगती फुलेलच असे नाही. फुललीच तर पाच पाकळ्यांचा मूळचा गुलाब घरबसल्या पाहावयास मिळेल.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, ती गोष्ट. आपल्या शहरांतून जुने गुलाब झपाट्याने जात आहेत. ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या जुन्या वाड्यांत, डोंबिवलीच्या बैठ्या चाळी व बंगल्यांभोवती आजीच्या, पणजीच्या हातचा एखादा देशी गुलाब असे. त्याला नाव कोणास ठाऊक नसे. ‘आमचा वासाचा गुलाब’ एवढीच त्याची ओळख. पन्नास-साठ पावसाळे त्याने कोणत्याही औषधावाचून काढलेले असत. इमारत पुनर्विकासाला गेली की पहिल्याच दिवशी यंत्र अंगणावर फिरते आणि तो गुलाब मातीत जातो. नव्या घरात आपण कुंडीत नवे कलम आणतो. ते दोन पावसाळ्यांत मरते, आणि आपण म्हणतो की, हल्ली गुलाब जगत नाही. जगणारा होता, तो आपणच सोडून आलो. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट रानातही घडत आहे. पाणथळी बुजवल्या की क्लिनोफिला गेला. डोंगरावरची वने तोडली की वेलगुलाब गेला. आणि दिवसेंदिवस उन्हाळा वाढत असताना, उद्याच्या गुलाबाला जे गुण हवे आहेत, ते नेमके यांच्याच अंगी आहेत.

सिल्हेटच्या पाणथळी आपण राखू शकणार नाही. पण आपल्या अंगणातला गुलाब राखू शकतो. काम अवघड नाही. ज्या घराला पाडण्याची नोटीस आली असेल, तेथील गुलाबाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली फांदी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा. पावसाळ्याच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरातील छाटणीच्या वेळी ती वाळू-मातीच्या कुंडीत, निम्मी मातीत जाईल अशी खोचावी आणि सावलीत ठेवावी. पाणी बेताने द्यावे. एकीऐवजी पाच-सहा फांद्या लावाव्यात, म्हणजे दोन तरी जगतात. जुने देशी गुलाब आणि एडवर्ड हे असे आपल्या मुळांवर छान येतात. त्यांना खुंटाची गरज नाही. मुळे धरली की एक रोप आपण ठेवावे आणि उरलेली शेजारणींना द्यावीत, कारण एकाच घरात असलेले झाड एकाच आपत्तीत जाते, आणि दहा घरांत असलेले सहसा जात नाही. बरोबर चिठ्ठी द्यावी: कोणाच्या अंगणातला, किती वर्षांचा, वास कसा, केव्हा फुलतो. इतिहास म्हणतात तो याहून निराळा नसतो.

गुलकंदासाठीही असाच घरचा गुलाब घ्यावा. बाजारातील फुलांवर फवारणी झालेली असते. ती देवाला चालतील, पोटाला नव्हेत.

आपल्या शहरात गुलाबांची प्रदर्शने भरतात. मोठमोठी, रंगीबेरंगी फुले पाहून आपण हरखून जातो, आणि ते योग्यच आहे. माझी सूचना इतकीच की, पुढल्या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला मंडळाने विकतची फुले न देता, सभासदांच्या जुन्या अंगणांतून वाढवलेली ही रोपे वाण म्हणून द्यावीत. आजपासून लागलो तर वर्षभरात पन्नास रोपे सहज होतील. ज्यांच्या घरी, माहेरी किंवा सासरी, असा जुना गुलाब अजून उभा आहे, त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात या महिन्याअखेर नोंदवावीत, ही विनंती.